अक्काच्या अंगात देवी नव्हती

वैशालीचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. “मामा, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. माझी थोरली बहीण सुमनअक्का बरीच वर्षं आजारी होती, शेवटी तर गिळणंही अवघड झालं होतं. लोक म्हणाले, सुटली बिचारी. असेलही. अक्काच्या गावाला, ताडकळसला जाणाऱ्या एसटीत बसल्यावर मला मात्र आठवत राहिली ती आजारापूर्वीची अक्का... बाजारात वांगी निवडता निवडता भाजीवाल्याचीच उलटतपासणी घेणारी, आणि माझी चाळिशी उलटली तरी चारचौघांत “बाळ्या, शर्ट खोच” म्हणून दटावणारी.

सुरुवात भाकरीपासून झाली. थापता थापता हात मध्येच उडायचा आणि भाकरी परातीबाहेर पडायची. मग खांदे हलू लागले, मान डोलू लागली, बसल्या जागी पाय ठरेनात. मंगळवारच्या आरतीला बायकांनी तिला तसं डोलताना पाहिलं आणि गावात ठरूनच गेलं की सुमनबाईच्या अंगात येतं. कुणाची म्हैस आटलेली, कुणाची लेक माहेरी बसलेली. बायका ओटीचं सामान घेऊन दारात. दाजी, म्हणजे तिचे मालक, भोळा माणूस. तेही बायकोला अहो-जाहो करू लागले. अक्का मला म्हणाली, “नारळ लय जमायलेत बाळ्या, वड्या करून देते, घेऊन जा.” हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

नांदेडला तिला मीच नेलं. रक्ताची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी हंटिंग्टन हे आजाराचं नाव सांगितलं आणि शांतपणे समजावलंही. शरीरातल्या सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कोणत्या पेशीनं कोणतं जनुक कधी वाचायचं, हे मात्र ठरलेलं असतं. अक्काच्या एका जनुकात एक लहानसा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा आला होता. त्यातून तयार होणारं प्रथिन बिघडलेलं, आणि ते मेंदूच्या पेशींत साठून बाकीच्या जनुकांचं वाचनही बिघडवत होतं. काही हवी तेव्हा गप्प, काही नको तेव्हा चालू. “म्हंजे लग्नाच्या सैपाकात एक आचारी चुकला, अन् त्याच्यामुळं बाकीचेबी गोंधळले,” अक्का म्हणाली. डॉक्टरांना ते पटलं. मग त्यांनी सांगितलं की आई किंवा बापाकडून हा दोष येतो, आणि प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी असते.

बसस्टँडवर अक्का एकदम म्हणाली, “बाळ्या, आबा पीत नव्हते रे.” आमचे वडील झोकांड्या खात चालायचे. थेंबाला शिवले नाहीत, पण दारुडे म्हणूनच गेले. आजार एकच... गावानं बापाला दारुडा केलं आणि लेकीला देवी. मी तिथंच रडलो. अक्का पदरानं माझे डोळे पुसायला गेली तर पदर कानाला लागत होता. तिच्यासारखी माझीही शक्यता निम्मी होती.

पुढं तिच्या लेकीला, वैशालीला, सेलूचं स्थळ आलं. कापसाचे व्यापारी, चांगलं घर. मुलाच्या आईला तर देवीच्या घरची मुलगी म्हणून जास्तच ओढ. दाजींनी आदल्या दिवशी अक्कापुढं हात जोडले होते, “उद्या गप ऱ्हावा.” पण त्या बाई ओटी भरायला वाकल्या तशी अक्कानं त्यांचा हात धरला. “देवी न्हाई ओ ताई, दुखणं हाय. माझ्या बापाला होतं. पोरीला व्हईल का न्हाई, आज कोनालाच म्हाईत न्हाई. तुमाला कळाय पाह्यजे.” मंडळी चहा संपवून निघून गेली. नंतर कित्येक महिने वैशाली आईशी बोलली नाही. ताट ठेवायची आणि वळायची. मलाही वाटलं, काय अडलं होतं अक्काचं? सत्य बरोबर असलं तरी पोरीचे डोळे बघवत नव्हते.

पुढं अक्काला घास भरवायची वेळ आली तेव्हा वैशालीच मागं बसून तिची मान धरू लागली. एकदा मला म्हणाली, “आईनं झाकून मला दिलं असतं, अन् उद्या माझ्या हातातून पेला पडला असता, तर सासूनं काय म्हणलं असतं मामा?”

तेराव्यानंतर दाजी अक्काची खोली आवरायला लागले. हातपाय आपटून लागू नये म्हणून तिच्या अंथरुणाभोवतीच्या भिंतींना वैशालीनं गोधड्या ठोकल्या होत्या. अक्का त्यांना टेकून बसायची, तिथं त्या काळवंडल्या होत्या. दाजींनी पहिली गोधडी उपसली तेव्हा वैशाली दारात उभी होती.

“ऱ्हाऊ द्या बाबा,” ती म्हणाली. “मला न्हाई लागल्या तर मामाला लागतील.”

दाजी खाली बसले. मला मात्र हसू आलं, अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच. मी उठून गोधडीचं टोक भिंतीला धरलं आणि वैशालीनं खिळा ठोकला.