झोपेला खाडा म्हणतात

आमच्या सायकल ग्रुपात खाडा चालत नाही. ही तालमीची शिस्त वस्तादांनी रस्त्यावर आणली. वस्ताद म्हणजे आमचे म्होरके, उमेदीत कुस्त्या केलेले. एखादा रविवार चुकला की पुढच्या रविवारी पन्हाळ्याच्या घाटाखाली सगळ्यांसमोर बैठका मारायच्या, दम जाईपर्यंत, आणि मग घाट चढायचा. ताप होता, बहिणीचं लग्न होतं, काही ऐकून घेत नाहीत. लोक याला निष्ठा म्हणतात. मी माज म्हणतो.

माझा मित्र कबनूरचा. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करतो. शेवटचे तास जोडीदाराला माग सांभाळायला लावून तो तसाच सायकलवर यायचा, केसांत सुताचे तंतू घेऊन. एकही खाडा नाही, एवढाच त्याचा अभिमान.

या उन्हाळ्यात घाट उतरताना त्याचा डोळा लागला. बाकीचे पुढं गेलेले, मागं मी एकटाच. वळणावर सायकल सरळ गेली आणि कठड्यावर आदळली. कठडा होता म्हणून तो आहे. कोपर सोलून निघालेलं, आणि उठून पहिलं काय बोलावं? "वस्तादांस्नी सांगू नगंस."

पुढच्या रविवारी घाटाखाली पुन्हा हजर, डोळे लालभडक.

"झोपलायस का?" मी विचारलं.

"घाट मारून आलो की झोपतो."

मग मी वस्तादांना सगळं सांगितलंच.

"डोळा लागला?" ते म्हणाले. "आमी अंगात ताप घिऊन लढलोय. असले लाड हितं न्हाईत."

"काय पावणं, घाटात गादी टाकू व्हय?" मागून एकजण ओरडला. सगळे हसले. तोही हसला. त्याचं ते हसणं मला बघवेना.

रस्ता सुरक्षेची पत्रकं वाटत मी चौकाचौकांत घसा फोडलाय. इथं त्या पत्रकांचा उपयोग नव्हता. मी खाली बसलो, त्याच्या सायकलचं पुढचं चाक काढलं आणि मांडीवर घेतलं.

"चाक दे."

"न्हाय."

"खाडा पडंल मर्दा माझा!"

"पडू दे. बैठका मी मारतो."

"दुसऱ्याच्या बैठका हितं चालत न्हाईत," वस्ताद म्हणाले आणि पेडल मारलं. ग्रुप त्यांच्या मागं गेला.

तो बराच वेळ मला शिव्या घालत उभा होता. मग बंद टपरीच्या फळीवर माझ्याकडं पाठ करून बसला, आणि हेल्मेट न काढताच आडवा झाला.

ऊन चढल्यावर ग्रुप आरोळ्या ठोकत घाट उतरला. मी हात वर करून गप्प बसा म्हटलं. कुणी थांबलं नाही. तो मात्र घोरतच राहिला, जागा झाला नाही.