मामी दुसऱ्या गटात

मेडिकल कॉलेजात शिकवते म्हटलं की आमच्या करडी गावातली माणसं मला इंजेक्शन द्यायला सांगतात. मला ते येत नाही. माझा विषय संख्याशास्त्र. उपचाराने खरंच फरक पडला की माणूस आपोआप बरा झाला, हे आकड्यांवरून शोधणं माझं काम.

पहिला स्वतंत्र अभ्यास मी हट्टाने करडीतच घेतला. रक्तदाब वाढलेल्या बायका रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालल्या, तर दाब उतरतो का, हे पाहायचं होतं. एक गट चालणार, दुसरा नेहमीसारखा राहणार. वशिला नको म्हणून कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. माझी सख्खी मामी दुसऱ्या गटात निघाली आणि तिची जिवाभावाची शेजारीण पहिल्या.

"मले काहून नाही घेतलं?" मामीने विचारलं. तुलनेला तूही तितकीच लागतेस, असं मी परोपरीने समजावलं. तिने मान हलवली, मला वाटलं पटलं.

पुढच्या तपासणीत दोन्ही गटांचा दाब सारखाच उतरलेला. म्हणजे चालून उपयोग नाही, असं आकडे सांगत होते. मला चैन पडेना. एका पहाटे पाळीवर गेले, तर दोन्ही गट एकत्र, गप्पा मारत चाललेले. सर्वांत पुढे मामी, नऊवारीखाली मुलाचे बूट घालून.

"ते एकटी चालन का?" शेजारणीकडे बोट दाखवून मामी म्हणाली. "बोलाले कोणी लागते ना."

मी तिथेच पाळीवर बसून हसत सुटले. पण काम वाया गेलं होतं. घाबरत माझ्या सरांना फोन केला, तर तेही हसले. म्हणाले, मैत्रिणी वेगळ्या करता येत नाहीत, गावं करता येतात. चिठ्ठ्या गावांच्या टाक.

तसंच केलं. करडीपासून पवनीपर्यंतची, एकमेकांपासून लांबची गावं घेतली; चिठ्ठी निघालेल्या गावांनी लगेच चालायला सुरुवात केली, बाकीच्यांनी अभ्यास संपल्यावर. या वेळी फरक स्वच्छ दिसला आणि माझा पहिला शोधनिबंध छापून आला.

आता हा धडा शिकवताना मी पुस्तक मिटून मामीची गोष्ट सांगते. मामी अजून चालते. मी गावी गेले की मलाही ओढून नेते, आणि मी मागे राहिले की शेजारणीजवळ माझी तक्रार करते.