तोटा वेगळा मांडणारे फणसळकर साहेब

फणसळकर साहेब कंपनीचा वार्षिक अहवाल उभ्याने वाचत आणि आम्हालाही उभं करत. छापखान्यातून पहिली प्रत आली की ते खुर्ची मागे सारत, कोटाची बटणं लावत आणि म्हणत, "सुर्वेबाई, सगळ्यांना बोलवा." रत्नागिरीच्या मे महिन्यातसुद्धा कोट! सगळे म्हणजे मी, दोन कारकून आणि शिपाई भिकाजी. आरतीला जमावं तसे आम्ही टेबलाभोवती जमायचो. साहेबांचा आवाज भारदस्त होता. 'भागधारक बंधुभगिनींनो' म्हणताना तो जरासा ओला व्हायचा. भिकाजी डोळे मिटून घ्यायचा. साहेबांना वाटे, तो तल्लीन झालाय. तो उभ्या उभ्या झोपलेला असे.

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. 'सुगम व्यवहार' नावाची ही कंपनी मुंबईच्या एका मालकाने आमच्या गावात काढली होती. आखातातून घरोघरी येणारा पैसा त्याच्या डोळ्यांत भरला होता. कल्पना अशी, की माणसाने खिशात नोटा बाळगूच नयेत. कुटुंबाने आमच्याकडे पैसे भरावेत, आम्ही त्याला उठावाच्या अक्षरांचं प्लास्टिकचं कार्ड द्यावं. दुकानदाराकडे आमचं एक लोखंडी यंत्र. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची पावती, आणि रूळ फिरवला की खर्रकन नाव उमटायचं. पावती आमच्याकडे आली की दुकानदाराला पैसे. कार्ड विभाग हा एक. कारखान्यांच्या कँटीनना आणि वसतिगृहांना कूपनांची पुस्तकं पुरवणारा दुसरा. आणि दुकानदारांना द्यायची ही यंत्रं बनवणारी औद्योगिक वसाहतीतली यंत्रशाळा हा तिसरा. राम आळीत एका कापडदुकानाच्या माडीवर कचेरी होती. तिथे मी टंकलेखनाला लागले आणि हळूहळू फणसळकर साहेबांची हिशोबातली मदतनीस झाले.

साहेब मुख्य लेखापाल. मूळचे चिपळूणचे, मुंबईत नोकरी करून परतलेले. कंपनी पहिल्या दिवसापासून तोट्यात होती. मासळीबाजारात कुणी ते कार्ड हातात धरायला तयार नव्हतं. किराणा दुकानदार यंत्र घेत, त्याच्यावर अगरबत्तीचे पुडे रचून ठेवत आणि रोख मागत. मालकाने यावर एकच उपाय काढला: विका. दर साल एक विभाग विकायचा. आणि त्या विक्रीला अहवालात गोंडस करून बसवायचं काम फणसळकर साहेबांचं.

पहिल्यांदा कूपन विभाग गेला. मी मसुदा टंकत होते. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'यंदा कंपनीच्या उत्पन्नात लक्षणीय वाढ झाली आहे.' वाढ कसली, तर विभाग विकून आलेली रक्कम. त्या विभागाचा वर्षभराचा तोटा मात्र अगदी मागच्या पानावर, 'विलग व्यवहार' अशा मथळ्याखाली, बारीक टाइपात.

"साहेब," मी म्हटलं, "विकल्याचे पैसे पुढे आणि तोटा मागे, असं चालतं?"

"सुर्वेबाई, 'विकणं' ही म्हशीच्या बाजारातली भाषा झाली. विभाग विलग होतो."

"पण तोटा झालाच ना?"

"तोटा झाला असं म्हणू नये. तोटा वेगळा मांडला असं म्हणावं."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला हसूही येईना. लपवाछपवी अशी काही नव्हती. आकडे सगळे खरे, मुंबईच्या तपासनीसाची सही असलेले, कुणीही पान उलटावं आणि वाचावेत असे. फक्त पान उलटायची इच्छा होऊ नये अशी भाषा साहेब पुढे पसरून ठेवत. एका विशेषणासाठी ते अर्धी सकाळ घालवत. 'भरीव' की 'लक्षणीय'? 'अपेक्षित' की 'स्वाभाविक'? एकदा 'घट' या शब्दाऐवजी त्यांना 'संयत वाढ' सुचलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना कोकम सरबत पाजलं.

स्वतःच्या पैशाने, हे मुद्दाम सांगते. कारण माणूस पैशाचा स्वच्छ होता. कंपनीच्या टाचण्यासुद्धा घरी नेल्या नाहीत. कोटाच्या बाह्या झिजून दोरे निघालेले. माझ्या लग्नपत्रिकेचा मसुदा त्यांनी तीनदा सुधारून दिला, वर आहेर म्हणून समई दिली. मला कितीदा वाटलं, हा माणूस चोर असता तर बरं झालं असतं. चोराचा राग तरी धड करता येतो. मालकाची लबाडी हा पगारापलीकडे काही न घेता, शुद्धलेखनासकट, पूजा केल्यासारखी मांडून देत होता. त्याला काय म्हणायचं?

पुढे यंत्रशाळेची पाळी आली. गणपत शिवलकर तिथला फोरमन. खाऱ्या हवेत रूळ गंजतात म्हणून त्यावर पितळी पत्रा चढवायची युक्ती त्याचीच. मालकाने यंत्रं आणि नकाशे पुण्याच्या एका कारखान्याला विकले. माणसं सौद्यात नव्हती. हे कामगारांना सांगायला साहेबांना पाठवलं गेलं आणि टिपण घ्यायला मला.

यंत्रं बंद करून सगळे उभे राहिले. साहेबांनी बटणं लावली. "मित्रहो, आपला विभाग मूळ व्यवहारापासून विलग होऊन विकासाच्या नव्या वाटेला लागत आहे."

शिवलकरने हात पुसले. "म्हंजे आमी पुण्यास जायाचा काय?"

"यंत्रसामग्री जाईल. मनुष्यबळाबाबत योग्य तो विचार होईल."

"साहेब, माज्या पोरीचा लगीन ठरलाय. आणि अलोऱ्याच्या वसाहतीत पंपावर जागा हाय, ते लोक बोलावतायत मला. हितली नोकरी हाय का नाय, येवढाच सांगा. मंग मी काय ता ठरवतो."

एवढा सोपा प्रश्न मी आयुष्यात दुसरा ऐकलेला नाही. त्याला एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं. साहेबांना उत्तर माहीत होतं, कारण मालकाचा निरोप माझ्यासमोरच आला होता. त्यांनी शिवलकरच्या खांद्यावर हात ठेवला.

"शिवलकर, असा टोकाचा विचार करू नये. आपण सगळेच एका स्थित्यंतरातून जात आहोत."

मी पुढे होऊन म्हटलं, "शिवलकर, अलोऱ्याची जागा सोडू नका."

"सुर्वेबाई!" साहेब माझ्यावर असे कडाडले की सगळे दचकले. "कंपनीच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही." मग शिवलकरकडे वळून मऊ आवाजात, "बाईंचं मनावर घेऊ नका."

कोट घातलेल्या साहेबाचं ऐकायचं की टंकलेखन करणाऱ्या बाईचं? शिवलकरने साहेबांचं ऐकलं. स्थित्यंतर म्हणजे बदली असा त्याने अर्थ लावला आणि तसं घरी सांगितलंही. अलोऱ्याला नकार कळवला. मग ट्रक आले, यंत्रं गेली, फाटकाला कुलूप लागलं. तो अलोऱ्याला धावत गेला तोवर तिथे दुसरा माणूस लागला होता. लग्न पुढे गेलं. त्या वयात शिवलकर मुंबईला गेला, गावच्या मंडळाच्या खोलीत अंथरूण टाकून एका गॅरेजात राबायला लागला. त्या वर्षीच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, 'मनुष्यबळाचे पुनर्नियोजन सुरळीत पार पडले.' ते त्यांनी वाचलं तेव्हा मी बसून राहिले. साहेबांनी पाहिलं, पण ते थांबले नाहीत.

त्या सालची सर्वसाधारण सभा एका मंगल कार्यालयात भरली. भागधारक बरेचसे आमचेच कार्डवाले, आखाती घरांतले. मालक मधल्या खुर्चीत, साहेब बाजूला अहवाल घेऊन. वाचन संपलं आणि मागून इस्माईलभाई होडेकर उठले. कुवेतमध्ये हयात घालवून परतलेला माणूस. मुलाच्या नावाने शेअर घेतलेले.

"साहेब, कंपनी फायद्यात हाय बोलताव. बरा हाय. माज्या बापानं होडी इकली त्या साली आमच्या घरात लय पैका होता. नवीन कपडं आलं, गोडाचा झाला. पन आमी त्याला फायदा नाय बोललो. आमची आई रडत बसली, का आता मासं कशात धरायचं. तुमी होडी इकलीव, जाळी इकलीव. आता धरनार कशात ता सांगा."

सभेत हसू फुटलं. मालकाने घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. फणसळकर साहेब उठले.

"होडेकरसाहेबांनी अत्यंत जिव्हाळ्याने मांडलेल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. आपली कंपनी आता होडीच्या युगातून संकल्पनेच्या युगात जात आहे."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. बटाटेवड्यांचा वास येऊ लागला होता, हेही त्याचं कारण असेल. इस्माईलभाई उभेच होते. "संकल्पना तळून खातात काय?" ते म्हणाले, पण खुर्च्या सरकल्याच्या आवाजात ते कुणी ऐकलं नाही. वडा न खाता ते निघून गेले. त्यांचे शेअर पुढे रद्दीच्या भावाचे झाले.

राहिला कार्ड विभाग. तो मुंबईच्या एका कंपनीने घेतला, म्हणजे ग्राहकांची नावं आणि कार्डं घेतली. माडी, टेबलं आणि आम्ही त्यांना नको होतो. मालकाचा ट्रंक कॉल आला तो मीच जोडून दिला. साहेब नुसतं "हो, हो, साहजिकच" म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी मला बोलावलं आणि शेवटच्या अहवालाचा मजकूर सांगायला सुरुवात केली.

"लिहा. 'लेखा विभागाचे स्वतंत्र अस्तित्व अनावश्यक ठरल्याने व्यवस्थापन खर्चात भरीव बचत साधता येणार आहे.'"

माझा हात थांबला. "साहेब, लेखा विभाग म्हणजे आपण."

"वाक्य बरोबर आहे ना?"

"वाक्य बरोबर आहे."

"मग पुढे चला." थोड्या वेळाने त्यांनी कागद मागून घेतला, 'भरीव' खोडलं आणि 'लक्षणीय' केलं. तो अहवाल त्यांनी कुणाला वाचून दाखवला नाही. निरोपसमारंभही झाला नाही. भिकाजीने खिडक्या लावल्या, साहेबांनी मला नमस्कार केला, मीही केला. मनात म्हटलं, भोगा आता स्वतःची भाषा.

काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी चिपळूणला कामानिमित्त गेले होते तेव्हा त्यांच्या घरी भेटून आले. वहिनींना मी पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, शांत बाई. त्यांनी पन्हं दिलं आणि जरा वेळाने विचारलं, "हे तिथे नेमकं काय काम करायचे हो? मला कधी कळलंच नाही."

मी म्हटलं, "वहिनी, कंपनीत जे काही होई ते लोकांना वाचून बरं वाटेल असं लिहायचे. शब्द फार सुंदर वापरायचे."

"होय का?" त्यांना नवल वाटलं. "घरी नाही हो कधी तसं बोलले. कंपनीतला शेवटचा दिवस होता ना, त्या दिवशी आले, कोट काढून खुंटीला लावला आणि मला म्हणाले, 'मला काढून टाकलं.' बस्स. मग जेवायला बसले."

मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. म्हणजे तो शब्द साहेबांना येत होता. शिवलकरला सांगायचा तेवढा राहून गेला.