कुसुमचा शेवटचा पेपर

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आज सकाळी समोरची मुलगी परीक्षेला निघाली. तिच्या आईने दारातच तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि मला माझी धाकटी बहीण कुसुम आठवली.

कुसुमचं शिक्षण सारखं उसवत राहिलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आठवीत शाळा सुटली. दहावी तिने घरी बसून दिली. कॉलेजात गेली, तर माझ्या बायकोच्या बाळंतपणात वर्ष बुडालं. घरातल्या मुलीचं वर्ष बुडालं तर कुणाचंच काही बुडत नाही, अशी आमची समजूत होती. तरी ती पुन्हा जायची. अखेर बी.ए.चा शेवटचा पेपर उरला आणि नेमक्या त्याच दुपारी मी पाहुण्यांना तिला बघायला बोलावलं.

"दादा, त्यांना संध्याकाळी बोलाव ना."

"पेपर ऑक्टोबरलाही देता येतो गं. स्थळ थांबतं का ऑक्टोबरपर्यंत?" मी हसून म्हणालो.

तिने साडी नेसली, पोहे दिले. पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. ऑक्टोबर येईपर्यंत तिने पुस्तकं वाटून टाकली होती. एरवी मी परिस्थितीकडे बोट दाखवत आलो. त्या दुपारी परिस्थिती नव्हती, मीच होतो.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसून म्हणालो, "कुसुम, त्या पेपरच्या दिवशी मी..."

"दादा, पाणी दे जरा."

मी पाणी दिलं. ती प्यायली आणि तिचा डोळा लागला. पुढचं वाक्य मी उद्यावर ठेवलं, आणि ती पहाटेच गेली.