सिद्राम मामांच्या दोन फेऱ्या

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत पोचवण्याचं काम सिद्राम मामा बावीस वर्षं करत होते. वाटेत बाकावरच्या नातेवाइकांपाशी थांबून ते सांगत, “गाठ निघाली की! आता शिवायलेत.”

प्राणवायू कमी पडलेल्या पेशींतलं प्रथिन ओळखणारी नवी अँटिबॉडी आली, पण चाचणीची पट्टी दरवेळी कोरीच.

“ही अँटिबॉडीच परत पाठवते,” प्रयोगशाळेतल्या शिवानी मॅडम वैतागल्या. “तसं ते प्रथिन हवा लागली की मिनिटांत विरतं म्हणा. मामा, वाटेत उशीर होतो का?”

मामांचा चेहरा उतरला. “व्हय. मीच थांबतो.”

दुसऱ्या दिवशी मंद्रूपहून आलेली एक आजी बाकावरून उठली. “बाबा, माझी लेक?” मामा न बघता पुढे गेले. डबी मॅडमच्या हातात देऊन धावतच आजीपाशी परतले.

संध्याकाळी पट्टीवर काळी रेघ उमटली. तेव्हापासून मामांना प्रत्येक गाठीमागे दोन फेऱ्या पडतात.