धन्यकुमारच्या बोटांचा वास

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात धन्यकुमार मगदूम जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. गडी मूळचा रहिमतपूरचा, तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. आईवडील गेलेले, थोरला भाऊ दिवाळीपुरता. अख्ख्या सांगलीत त्याला नावानं हाक मारणारं माणूस एकच, घरमालकीण त्रिशलाकाकू. बाकीच्यांना तो नुसता ‘सर’.

काकू जैन, विधवा आणि कडक. आसपासचे पुष्कळ जैन शेतकरी बिनदिक्कत कांदा खायचे. काकूंच्या उंबऱ्याच्या आत मात्र त्याला मज्जाव. जेवणं दिवस मावळायच्या आत. भाडेकरूला ताट वाढायची अटही तीच, की बाहेरसुद्धा कांद्याला तोंड लावायचं नाही. धन्यकुमारही जैनच, त्यानं कांदा जन्मात खाल्ला नव्हता, त्यामुळं अट त्याला फुकटच पडली. कॉलेज सुटलं की सायकल अशी हाणायचा, की बघणाऱ्याला वाटावं, नवी नवरी वाट बघतेय! वाट बघायच्या काकू, एक डोळा सूर्यावर ठेवून. त्या जेवणात दोघं जे बोलायची, तेवढंच काय ते दिवसभरातलं त्याचं बोलणं. शिकवणं काही बोलण्यात धरायचं नसतं.

चौऱ्याहत्तर सालच्या जुलैत नवी पोरं आली. नव्या पोरांना पहिली पेशी दाखवायची ती कांद्याची. पाकळीच्या आतला पापुद्रा चिमट्यानं सोलायचा, काचपट्टीवर पसरायचा, वर आयोडीनचा थेंब सोडायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली रचलेल्या विटांसारख्या पेशी दिसतात, आणि एकेकीत एकेक ठिपका, ते केंद्रक. पोरांच्या हातात पापुद्र्याच्या चिंध्या व्हायच्या, म्हणून सगळ्यांचे कांदे धन्यकुमारच सोलायचा.

शेजारच्या भामाबाईंना गल्लीत कुणाच्या घरी काय शिजणार हे फोडणीच्या आधी कळायचं. त्यांनी काकूंना गाठलं.

“आवं काकू, तुमचा सर लय गुणाचा हाय, पर सायकल पुढनं गेली की कांद्याचा भपका येतोय बगा. हाटेलात भजी हाणत असंल गुपचूप!”

संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या काकू म्हणाल्या, “हात पुढं कर.” हुंगून बघितला. “खाल्लास व्हय रं, धन्या?”

“न्हाई काकू. शिकवला.”

“कांदा शिकवत्यात व्हय कॉलेजात?”

“अख्ख्या कांद्याला वास नसतो, काकू. त्याच्या पेशीत दोन द्रव्यं निरनिराळ्या कप्प्यांत असतात. चिरलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकमेकांना भेटतात, आणि तवा वास सुटतो.”

“मग कशाला फोडतोस बिचाऱ्यांची घरं?” काकू हसल्या.

इथं गडी गप्प बसला असता तर गोष्ट मिटली होती. पण मास्तर जातीला दाखवल्याशिवाय चैन पडतं होय? त्यानं बोटावरचा तपकिरी डाग पुढं केला. “हा बी कांद्याचा न्हवं, आयोडीनचा. पिठातल्या स्टार्चला लागला की काळानिळा पडतो. कांद्यात स्टार्च नसतो, म्हणून तिथं न्हाई पडत. बगा!” आणि खिशातली आयोडीनची बाटली काढून त्यानं ताटातल्या ज्वारीच्या भाकरीवर थेंब टाकला.

भाकरी काळीनिळी पडली. प्रयोग अगदी पुस्तकाबरहुकूम झाला.

काकूंचा हात काठवटीतच थांबला. “माझ्या हातची भाकरी काळी केलीस?”

“न्हाई हो काकू, ते स्टार्च…”

“ऊठ.”

सकाळपर्यंत भामाबाईंची आवृत्ती गल्लीभर: कांदा खाऊन खोटं बोललं की भाकरी हातातच काळी पडते!

दुसऱ्या दिवशी धन्यकुमार विभागप्रमुखांच्या पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. शेवटी कांद्याऐवजी कुंडीतल्या शोभेच्या झाडाचं पान ठरलं. खालून जांभळं असणारं, पापुद्रा सहज सुटणारं, वास नसणारं आणि आयोडीनही न लागणारं. लिंबू नि साबण लावून त्यानं हातांची सालं काढली, काकूंच्या ताटावाचून चुरमुऱ्यांवर दिवस काढले आणि महिन्याभरानं काकूंच्या दारात उभा राहिला.

काकूंनी डोळे मिटून हात हुंगला. पुष्कळ वेळ.

“येतोय.”

“काकू, महिनाभर कांद्याला शिवलो न्हाई.”

“न्हाई शिवलास. खोटं न्हाई तुझं.” त्यांनी त्याचा हात सोडला नव्हता. “माझ्या नाकातच बसलाय रं त्यो. तू समोर बसलास की सुटतोय. मला घास जायाचा न्हाई. खोली ऱ्हाऊ दे, भाडं बी असू दे. जेवायचं तेवढं बाहेर बघ.”

नाकात बसलेल्या वासावर कुठला साबण लावायचा?

खानावळीची चूल दिवे लागल्यावर पेटायची. पहिले काही दिवस तो उजेडातच जाऊन रिकाम्या बाकड्यावर बसला, दोन केळी खाऊन परतला. मग भुकेनं हट्ट मोडला. अंधार पडल्यावर जन्मात पहिल्यांदा तो जेवायला बसला, तर वाढप्यानं न विचारता ताटात उभा चिरलेला कांदा टाकला.

धन्यकुमारनं भाजीतला कांदा बोटानं वेचून ताटाच्या कडेला लावला. चिरलेल्या फोडीला हात लावला नाही.

समोरच्या अनोळखी माणसानं तोंडातला घास तसाच ठेवून हात पुढं केला.

“खाणार न्हाईसा तर द्या इकडं.”

“घ्या,” धन्यकुमार म्हणाला.

त्या दिवशी तो कुणाशी बोलला असेल तर एवढंच.