चौकटीतल्या अक्षता

“हात दाखवा.”

मुख्याध्यापिका बाई हे मला म्हणाल्या. मुलांना नाही, मला. आठवी ‘क’च्या भरल्या वर्गात. माझं वय चौतीस. हातात हजेरीचं पुस्तक होतं. ते मी टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. पहिलीतली पोरं नखं तपासायला करतात तसे.

त्यांनी स्पर्श केला नाही. वाकून नुसतं बघितलं. नखांच्या कडेला शाडू होता. दिवाळी झाली की जोह्याला आमच्या घरच्या कारखान्यात पुढच्या वर्षाच्या गणपतींचं काम सुरू होतं. रविवारी घरी गेले की मीही बसते. शाडू साबणाने जातो, पण नखांच्या कडेचा राहतो.

“बघा रे,” त्या वर्गाला म्हणाल्या, “म्हणून बोर्ड बिघडतो. मातीत वाढलेल्या माणसाच्या हाती असल्या वस्तू देऊच नयेत.”

पुढच्या बाकावरची दोघं-तिघं हसली. मीही थोडी हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

शाळा रोह्यातली. जागा बाईंच्या आजेसासऱ्यांनी दिलेली. घरात तीन पिढ्या शिक्षक. बोलणं शुद्ध, साडीची घडी कधी मोडत नाही. मी कंत्राटावरची. दर जूनला नवी ऑर्डर, ती बाईंच्या शिफारशीवर. नदीपलीकडे अष्टमी गावात एक खोली घेऊन राहते, रोज पूल ओलांडून शाळेत येते. शनिवारी गाडीने पेण, तिथून एसटीने जोहे. इतकंच माझं जग.

तो बोर्ड म्हणजे भिंतीएवढा टीव्हीच. बोट लावलं की पान उलटतं, धडा मोठ्याने वाचून दाखवतो, हृदय उघडून आतले कप्पे दाखवतो. आला तेव्हापासून वर्षभर मखमली कपड्याखाली होता. पाहुणे आले की कपडा निघायचा. त्याच्याबरोबर आलेले टॅब तर अजून कपाटात आहेत, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. ‘क’ तुकडीसाठी आठवड्याला दोन तास बोर्ड मिळावा म्हणून मी तीन वेळा विचारलं. शेवटी मिळाला. दुसऱ्या कोणाला त्याची कटकट नको होती, म्हणून मिळाला.

मला तो का हवा होता, ते सांगते.

मला वाचता यायचं नाही. पेणच्या शाळेत सहावीला होते. सगळ्यांना यायचं, मला नाही. अक्षरं जागेवर थांबायची नाहीत. एक गुरुजी मुद्दाम मलाच उभं करायचे. मी अडखळले की वर्ग हसायचा, मग गुरुजी म्हणायचे, “बस खाली. तू गणपतीच थाप. पुस्तक मळवू नकोस.” मी बसायचे. पुढे पुढे माझी पाळी यायच्या आतच मी पाणी प्यायला बाहेर जायला लागले.

वाचवलं मावसबहिणीने. कारखान्यात मी पॉलिश पेपरने गणपती घासत बसायचे आणि ती शेजारी बसून मोठ्याने धडे वाचायची. कोणता धडा कोणत्या मूर्तीवर हात फिरवताना ऐकला, ते मला दहावीच्या पेपरात आठवत होतं. हात हलत असले की माझ्या डोक्यात शिरतं. अशी मी दहावी झाले, बारावी झाले, डी.एड. झाले. आजही सावकाश वाचते. परिपत्रक आलं की पिशवीत घालून घरी नेते. स्टाफरूममध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं. मी फार सांभाळून लपवलं होतं.

म्हणून माझ्या वर्गातली मनाली मला पहिल्याच आठवड्यात कळली. वाचायची पाळी जवळ आली की ती पाणी प्यायला जायची.

मनाली कोलाडकडच्या एका गावातली. घरी भात आणि वालाची शेती. वहीत पाच ओळी लिहायला तिला अर्धा तास लागायचा. बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून सांगून टाकलं होतं, “आठवीपर्यंत कशीबशी नेऊ. पुढे दाखला घेऊन जा.” ते हात जोडून हो म्हणाले होते.

हृदयाचा धडा मी बोर्डावर लावला. ज्यांना वाचून कळतं त्यांनी वाचलं. बाकीच्यांनी ऐकलं. मनालीने दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा उठली, बोर्डापाशी गेली आणि बोटाने ते हृदय सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. मग मी पिशवीतला शाडू काढला. दाराशी बादली, जुनं फडकं. ओल्या हाताने बोर्डाला शिवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. रंगवलेल्या मूर्तीला ओला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी कळतं.

मनालीने हृदय केलं. चार कप्पे. खराट्याच्या हिराने भोकं पाडली, मातीचेच पातळ पडदे लावले.

“बाई, रगत ह्या भोकातना जातं. पडदा मिटला का मंग मागं येत नाय.”

पुस्तक घडाघडा वाचणाऱ्यांना पडद्याचं काम सांगता आलं नव्हतं. तोंडी परीक्षेत तिला वीसपैकी सतरा पडले. त्या दिवशी ती पाणी प्यायला गेली नाही.

मग दसरा आला. शाळेत दरवर्षी आदल्या दिवशी पाटीपूजन असतं. यंदा बाई म्हणाल्या, “आता आपली पाटी हीच,” आणि पूजा बोर्डाची झाली. चारी कोपऱ्यांना ओल्या बोटाने हळद-कुंकू. वरून झेंडूचा हार. मूठ भरून अक्षता. सगळ्यांनी नमस्कार केला. मीही केला. तबक मीच धरलं होतं.

त्यानंतर लेखी परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. ती संपल्यावर बोर्ड लावला, तर खालचा डावा कोपरा बोटाला दाद देईना. मी वर्दी दिली. पुढचं सांगितलंच. हात दाखवा.

चार दिवसांनी पेणहून दुरुस्तीवाला आला. चौकट उघडली, छोट्या ब्रशने आतून काहीतरी झाडलं आणि कागदावर धरून दाखवलं. तांदळाचे दाणे. लालपिवळे.

“म्याडम, ह्या अक्षता हाईत. चौकटीत बारीक लायटी असतात, त्यांच्या आड आल्या. बोर्डाला काय झालेलं नाय.”

त्याने बोर्ड चालू करून दाखवला. कोपरा चालत होता. मला वाटलं, मिटलं.

बाईंनी तो कागद घडी करून मुठीत घेतला. “पूजेने कधी काही बिघडत नसतं,” म्हणाल्या, आणि मला ऑफिसात बोलावलं.

टेबलावर टाइप केलेला कागद होता. वर लिहिलेलं, खुलासा. “वाचा आणि सही करा.”

मी वाचायला लागले. क्लार्क बसलेले होते, दोन शिक्षक उभे होते. घरी नेता येत नव्हतं. एकेक शब्द धरत धरत गेले. माझ्या व माझ्या वर्गातील अप्रगत विद्यार्थ्यांच्या मातीच्या हातांमुळे बोर्ड नादुरुस्त झाला. तरी यापुढे ‘क’ तुकडीस बोर्ड देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती. म्हणजे विनंतीही माझीच.

“सही केलीत की जूनच्या ऑर्डरचं मी बघते,” बाई गोड आवाजात म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू? मी पेन उचललं होतं. मी थकले होते. खोलीचं भाडं, आईची औषधं, परत कुठे अर्ज करत फिरायचं. सही केली असती.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, “एवढ्या चार ओळी वाचायला इतका वेळ?”

दोघेही शिक्षक हसले. तेच हसू. पेणच्या वर्गातलं. आणि मला लख्ख दिसलं, की मी सहावीपासून आजपर्यंत पाणी प्यायलाच जात आले. परिपत्रक पिशवीत घालणं म्हणजे तेच. बोर्डाचा तास या सहीने गेला, की मनालीही पुन्हा नळावर जाऊन उभी राहणार. मग दाखला. मग संपलं.

मी पेन खाली ठेवलं.

“मला वाचायला वेळ लागतो. लहानपणापासून. मी कानांनी आणि हातांनी शिकले. माझ्या वर्गातली काही पोरं तशीच शिकतात. या कागदावर मी सही करणार नाही.”

“मग शिक्षिका कशा झालात तुम्ही?”

“अशीच. सावकाश वाचून.”

कोणी हसलं नाही. मी कोरा कागद मागितला आणि त्यांच्याच टेबलावर बसून माझा खुलासा हाताने लिहिला. अर्धा तास लागला. लागू दिला. पूजा, अक्षता, तबक धरणारी मी, दुरुस्तीवाला, दाराशी ठेवलेली बादली, सगळं लिहिलं. मनालीचं हृदयही लिहिलं. क्लार्ककडून आवक शिक्का मारून घेतला. त्यांनी माझ्याकडे न बघता मारला.

जिंकले वगैरे काही नाही. बोर्डावर पुन्हा मखमल आहे, त्या खोलीची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. स्टाफरूममध्ये माझ्याशी कामापुरतं बोलतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “काय गो, गप सही केली असतीस तर तुझं काय गेलं असतं?” तिला काय सांगू? जूनला ऑर्डर येईल असं मला वाटत नाही.

आता मी धडे माझ्या आवाजात मोबाईलवर भरते. मधल्या सुट्टीत पोरं व्हरांड्यात बसून ऐकतात, हातात शाडू असतो. मनालीच्या वडिलांना मी एसटी स्टँडवर गाठून सांगितलं, “दाखला काढू नका. ती नववीला बसणार.” जोडायला उचललेले हात त्यांनी खाली घेतले. मग म्हणाले, “व्हय बाई.”

दर सोमवारी मी अर्ज देते. ‘क’ तुकडीस बोर्ड मिळावा. दर सोमवारी शिक्का घेते. सात अर्ज झाले. पुढच्या सोमवारी आठवा. ऑर्डर संपेल त्या दिवशीसुद्धा देईन. हाताने लिहिलेला, सावकाश, सगळ्यांच्या समोर बसून.

आणि हात आता कोणी मागितले, तरी दाखवणार नाही.